बाळू कडेवर

मोठा कुत्रा पाळला की घरात दोन गोष्टी साठत जातात, केस आणि किस्से. केस निदान झाडूने निघतात. किस्से निघत नाहीत, कारण रोज सकाळी बाळूला खाली नेलं की एक नवा पदरात पडतोच. आमचा बाळू ग्रेट डेन आहे. डायनिंग टेबलावरची आमटी प्यायची तर त्याला मान वर नाही, खाली करावी लागते. वजन माझ्यापेक्षा जास्त. आणि स्वभाव असा की शेजारी कुणी जोरात शिंकलं तरी माझ्यामागे येऊन लपतो. लपतो म्हणजे नाक लपतं, बाकीचा सगळा दिसतच राहतो.

हे आधी सांगतेय, कारण मुलुंडच्या आमच्या सोसायटीत गेलं वर्षभर या बाळूवरून भांडण चाललं होतं आणि मी त्यात एक पाऊलही मागे घेतलं नाही. भांडण लिफ्टचं होतं. आम्ही पाचव्या मजल्यावर राहतो. बाळूच्या मागच्या पायांचे सांधे गेलेत, त्याला जिने चढवत नाहीत. आणि आमचे सेक्रेटरी सबनीसकाका म्हणत होते की हे जनावर लिफ्टमध्ये नको. आता ज्याला जनावर म्हणत होते तो कोण, ते तर कळायला हवं ना.

* * *

रस्त्यात भेटणाऱ्या प्रत्येकाला वाटतं की "हा घोडा आहे का" हा विनोद जगात पहिल्यांदा त्यालाच सुचलाय. पहिली दोन वर्षं मी हसायचे. नंतर एकदा एका काकांना अगदी शांतपणे "हो" म्हटलं. तर ते गंभीर झाले आणि मलाच समजावायला लागले की अहो नाही हो, कुत्रा आहे, पाय बघा ना नीट.

दुसरा प्रश्न म्हणजे चावतो का. बागेच्या फाटकाशी एक गृहस्थ रोज योगाची मॅट काखेत घेऊन उभे असायचे. एक दिवस त्यांनी मला अडवलं. एवढं मोठं कुत्रं रस्त्यावर आणायचं म्हणजे काय, चावलं तर जबाबदार कोण, वगैरे.

"तो नाही चावत," मी म्हटलं. "पण मी अजून नाश्ता केलेला नाही."

तोवर बाळूने त्यांना पसंत केलं होतं. बाळूला माणूस आवडला की तो त्याच्यावर रेलतो, अंगाचा सगळा भार टाकून. गृहस्थ फाटकाला टेकले ते दहा मिनिटं तसेच. त्यांना सरकता येईना आणि बाळूला सरकायचं नव्हतं. मी काही घाई केली नाही. हल्ली ते मला गुड मॉर्निंग करत नाहीत, पण आम्ही दिसलो की मॅट खाली ठेवून आपणहून फाटकाला पाठ लावून उभे राहतात.

* * *

आमच्या गल्लीच्या तोंडाशी लग्नाचा हॉल आहे. एका संध्याकाळी आम्ही वळलो आणि समोरून वरात आली. बँड, लायटिंग, घोडीवर नवरदेव, सगळं साग्रसंगीत. बँड ऐकून बाळूची वाट लागली. तो माझ्यामागे शिरला आणि थरथरायला लागला.

वरातीतल्या एका मामांनी त्याला पाहिलं. मग मावशीने पाहिलं. पाच मिनिटांत नवरदेव आणि घोडी एकीकडे आणि अख्खी वरात आमच्याभोवती फोन काढून. मी ओरडले की बाबांनो, तो घाबरलाय, आधी ते ढोल बंद करा. कुणी ऐकेना. शेवटी मी बँडवाल्याच्या समोर जाऊन उभी राहिले आणि त्याच्या ढोलावर हात ठेवला. बँड बंद पडला. तेव्हा कुठे नवरदेवाचा आवाज ऐकू आला. तो बिचारा केव्हापासून म्हणत होता की मला पण खाली उतरवा, मला पण फोटो काढायचाय.

कुणाच्या तरी लग्नाच्या अल्बममध्ये आमचा बाळू आहे. बाजूला माझा हात आणि अर्धी पर्स पण असेल.

* * *

सुलभाताई आमच्याकडे स्वयंपाकाला येतात, त्या कशा आल्या ते ऐका. फोनवर त्यांच्याशी बोलला मिलिंद, म्हणजे माझा नवरा. त्याने सांगितलं की आम्ही दोघं आणि बाळू. दोघांची पोळी-भाजी, आणि बाळूला मऊ भात, मीठ न घालता. आणि दुपारी झोपला असेल तर बेल वाजवू नका, दचकून उठतो.

दुसऱ्या दिवशी सुलभाताई आल्या त्या बेल न वाजवता, हळूच कडी वाजवून. हातात पिशवी. पिशवीत एक खुळखुळा आणि लोकरीचं टोपरं. पहिल्यांदा बाळ बघायला रिकाम्या हाताने कसं यायचं, म्हणून आणलेलं.

मी दार उघडलं आणि बाळू आतून डोळे चोळल्यासारखा आला. सुलभाताई कणकवलीकडच्या. त्यांनी त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"बाळू म्हणजे ह्यो?"

मी म्हटलं, हो. आता ही बाई जाणार, हे मी धरूनच चालले होते. सुलभाताईंनी थोडा विचार केला, पिशवीत हात घातला आणि खुळखुळा त्याच्यासमोर वाजवला. बाळू त्यांच्या अंगावर रेलला. टोपरं त्याच्या एका कानाला बसतं. थंडीत तो ते घालतो.

* * *

समोरच्या फ्लॅटमधल्या नीताबेन आधी त्याला बघून दार लावून घ्यायच्या. पण त्यांच्या स्वयंपाकघरातून पोळ्यांचा वास यायला लागला की बाळू त्यांच्या दाराशी जाऊन बसायचा, अगदी पाहुणा म्हणून आल्यासारखा. तीन आठवडे दार बंद. चौथ्या आठवड्यात दाराच्या फटीतून एक खाकरा बाहेर आला. आता ते रोजचं आहे.

नीताबेनच्या घरी लसूणसुद्धा येत नाही. त्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांना सांगतात की बाळू एवढा शांत आहे कारण तो शुद्ध शाकाहारी आहे. एकदा त्यांनी मला थेटच विचारलं, बरोबर ना? त्याच दिवशी सकाळी बाळूने अर्धा किलो मांदेली फस्त केली होती. मी म्हटलं, तुमच्याकडे तरी तो शाकाहारीच आहे.

* * *

मग पायांचं सुरू झालं. एका सकाळी तो उठताना मागून घसरला. पुन्हा उठला, पुन्हा घसरला आणि माझ्याकडे असं बघायला लागला की जणू त्याचंच काहीतरी चुकलंय. डॉक्टरांनी एक्स-रे दाखवला आणि सांगितलं की सांधे झिजलेत, फिरवा, पण जिने अजिबात नाहीत. घरी येताना रिक्षात मी रडले. मिलिंदही रडला, पण तो म्हणतो धूळ होती.

तोवर आम्ही जिन्यानेच जात होतो, कारण एकदा लिफ्टचं दार उघडल्यावर समोर बाळूचं तोंड बघून सबनीसकाकांच्या हातातली दुधाची पिशवी फुटली होती. तेव्हापासून त्यांनी तोंडी बंदी घातली होती आणि आम्ही भांडण नको म्हणून ती पाळली होती. एक्स-रेच्या दुसऱ्या दिवसापासून मी पाळणं बंद केलं. सकाळ-संध्याकाळ बाळूला घेऊन लिफ्टने जायला लागले. सबनीसकाकांनी पत्र पाठवलं. मी एक्स-रे पाठवला. त्यांनी दुसरं पत्र पाठवलं. मी त्याच एक्स-रेची झेरॉक्स पाठवली.

शेवटी सोसायटीची मीटिंग झाली. काकांनी नियम लिहूनच आणला होता आणि तो त्यांनी उभं राहून वाचला. पाळीव प्राणी लिफ्टमधून न्यायला हरकत नाही, मात्र ते कडेवर घेऊनच न्यावेत. तिसऱ्या मजल्यावरच्या पॉमेरियनवाल्यांनी लगेच हात वर केला. बाकीच्यांनीही केला, कारण सगळ्यांना चहा प्यायचा होता. नियम सर्वांना सारखा, असं म्हणून काकांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना वाटलं, संपलं.

माझी एक मैत्रीण वकील आहे. ती म्हणाली, अगं हा नियम टिकणारच नाही, एक नोटीस पाठवते, गप्प बसतील. मी नको म्हटलं. त्यांनी कडेवर लिहिलंय ना, मग त्यांना कडेवरच बघू दे. मी सोसायटीच्या ऑफिसात जाऊन नियमाची प्रत मागितली, सहीशिक्क्यासकट. काकांनी दिली.

* * *

डॉक्टरांकडून आम्ही बाळूला उचलायचं कसं ते शिकून आलो. पोटाखालून जाड चादर, एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला मिलिंद. दोन दिवस छान चाललं. तिसऱ्या दिवशी काकांनी लिफ्टपाशी गाठलं. म्हणाले, हे चालणार नाही. ही झोळी झाली. नियमात कडेवर असं स्पष्ट लिहिलं आहे.

मी खरंच चिडले. पण शब्दाशब्दावर चालायचं तर मलाही येतं.

रविवारी सकाळी बाळूला फिरवून आणलं. खाली मी, मिलिंद, सुलभाताई आणि नीताबेन. नीताबेनना मी बोलावलं नव्हतं, त्या खाकरे घेऊन उभ्याच होत्या. तेवढ्यात सबनीसकाका भाजीच्या दोन पिशव्या घेऊन आले आणि लिफ्टमध्ये शिरले. ते सातव्या मजल्यावर राहतात. आम्हाला बघून त्यांनी दार धरून ठेवलं. त्यांना गंमत बघायची होती.

मी एक, दोन, तीन म्हटलं. बाळूचा पुढचा एक पाय माझ्या कडेवर, दुसरा नीताबेनच्या. मागचा भाग डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे खालून पेलून एका बाजूने मिलिंदच्या कडेवर, दुसऱ्या बाजूने सुलभाताईंच्या. सुलभाताईंनी पदर खोचला आणि त्याला म्हणाल्या, "काय रे मेल्या, खातंस काय तू?" बाळूला हे सगळं फार आवडलं. त्याने मान माझ्या खांद्यावर टाकली आणि डोळे मिटले. आम्ही चौघं आडवे सरकत आत शिरलो. काका भाजीसकट कोपऱ्यात गेले.

दार बंद होईना. लाल दिवा लागला आणि लिफ्ट पीं-पीं करायला लागली. ओव्हरलोड.

कुणीच हललं नाही. पीं-पीं चालू. माझा हात भरून आला होता, मिलिंदचा चेहरा लाल झाला होता.

"कुणीतरी एक जण उतरा," काका म्हणाले.

"कोण उतरनार?" नीताबेन म्हणाल्या. "आमच्यातला एक उतरला तर बाळूचा पाय खाली जाईल. रूल तुटेल ना, काका."

सबनीसकाकांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे बघितलं आणि नजर काढली नाही. मग त्यांनी दोन्ही पिशव्या उचलल्या, बाळूच्या पोटाखालून वाकून वाट काढली आणि बाहेर पडले. आवाज थांबला. दार सरकायला लागलं.

काकांनी एक पिशवी खाली ठेवली आणि हात मध्ये घालून दार अडवलं.

"शेपटी आत घ्या," ते म्हणाले. "अडकेल."