फुलाबाईच्या विहिरीचं मोजमाप

पेठच्या डोंगरात काजळपाडा म्हणून तीसेक घरांची वस्ती आहे. तिथल्या फुलाबाईला कुणी विचारलं, बाई, तुझं म्हणावं असं काय आहे गं, तर ती भाताची खाचरं सांगायची नाही, म्हैस सांगायची नाही, लेक-सून तर मुळीच नाही. मान ताठ करून म्हणायची, "माझी इहीर सरकारच्या वहीत हाय!"

आणि ते खरंच होतं. सोळा वर्षांपूर्वी जमिनीखालच्या पाण्याची मोजदाद ठेवणाऱ्या सरकारी खात्याचे लोक नाशिकहून आले, पाडाभर हिंडले आणि कायमच्या मोजणीसाठी नेमकी तिचीच विहीर निवडली. कठड्यावर पिवळा पट्टा ओढून त्यावर नंबर घातला. तेव्हा तिचा नवरा देवराम हयात होता. तो म्हणाला, "समद्यांची सोडून आपलीच कशी गं?" फुलाबाई म्हणाली, "आपलं पाणी गोड हाय म्हणून." खरं कारण खडकाचं होतं. विहीर अशा जागी होती, की तिच्यावरून आजूबाजूच्या सगळ्या खडकातलं पाणी किती खोल गेलं ते कळावं. पण हे तिला कुणी नीट सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही. सगळा घोळ इथंच झाला.

खात्याचा भारत वर्षातून चारदा मोटारसायकलवर यायचा. पोलादी फीत विहिरीत सोडायची, आकडा वहीत लिहायचा, चहा घ्यायचा आणि निघायचं. माणूस सरळ. दोन दिवस आधी फोन करायचा, "मावशी, परवा येतोय, घरी आहात ना?" फोन आला की फुलाबाईच्या अंगात वारं शिरायचं. कठडा धुवायची, भोवताल सारवायची, आणि मे महिना असला तर विहिरीवरचा दोर काढून घरात नेऊन ठेवायची. दोन दिवस कुणी पाणी शेंदायचं नाही! "पाव्हणा येणार आन् त्याला रिकामी इहीर दावायची व्हय? काय अब्रू राहील पाड्याची?"

बाया कुरकुरायच्या, पण हंडे घेऊन डोंगराखालच्या झऱ्यावर जायच्या. तास जायला, तास यायला. त्यांनाही वाटायचं, विहीर रिती दिसली तर सरकार आपला नंबर पुसून दुसऱ्या गावाला देईल. दोन दिवसांत झिरपून झिरपून विहिरीत पुरुषभर पाणी चढायचं. भारत फीत सोडून म्हणायचा, "वा मावशी, ऐन मेमध्ये एवढं!" आणि ही बाई पदर सावरत अशी हसायची, जशी काही खडकातून तिनंच पाणी काढलंय. असे सोळा मे महिने गेले.

यंदा मार्चमध्ये पाड्यानं अर्ज केला. ओढ्याच्या पोटात, जमिनीखाली बंधारा बांधून द्या, म्हणजे खडकातलं पाणी निघून जाणार नाही. खात्याच्या भूवैज्ञानिक मनीषा मॅडम भारतला घेऊन स्वतः आल्या. शाळेच्या पडवीत सभा भरली. मॅडमनी भिंतीवर कागद लावला आणि म्हणाल्या, "ही बघा शेजारच्या गावांच्या पाण्याची रेघ. मेमध्ये खाली जाते. तुमची जात नाही. ज्यांचं पाणी तळाला जातं त्यांना बंधारा आधी. काजळपाडा यादीत बसत नाही हो."

बाया एकमेकींकडे आणि मग सगळ्या मिळून फुलाबाईकडे बघू लागल्या. शेजारी तिची सून सविता बसली होती. गेल्या मेमध्ये, दोर घरात होता त्याच दिवशी, ती झऱ्याच्या वाटेवर हंड्यासकट पडली होती. तिचं मनगट अजून नीट वळत नव्हतं. फुलाबाईनं त्या मनगटाकडे पाहिलं.

"आत्या, राहू द्या," सविता कुजबुजली. "भारतभाऊंच्या नोकरीवर येईल."

फुलाबाई उठलीच. "बाई, ती रेघ खोटी हाय. म्याच खोटी केली." आणि दोर, दोन दिवस, झरा, सगळं सांगून टाकलं.

भारतचा चेहरा उतरला. "मावशी, एका शब्दानं तरी सांगायचं!"

"कशी सांगणार? लय मोठी झाले व्हते ना मी, वहीत नाव लागून!"

मॅडमनी विचारलं, "फक्त मेमध्येच दोर काढायचात? बाकी वेळी नाही?"

"बाकी वेळी पाणी असतं. झाकायचं काय?"

भारतनं वही उघडली, लाल पेन काढलं आणि मेचे सोळाच्या सोळा आकडे एकेक करून खोडले. फुलाबाई शेवटच्या रेघेपर्यंत बघत उभी राहिली. मॅडम म्हणाल्या, "आम्हाला भरलेली विहीर नको असते, खडकातल्या पाण्याची खरी स्थिती हवी असते. हे आम्ही आधीच सांगायला हवं होतं, ती आमची चूक. आता मला मेचा एक खरा आकडा द्या. तो आला तर पुढच्या यादीत तुमचं नाव मी मांडते. न सांगता येऊ का?"

"सांगूनच या," फुलाबाई म्हणाली. "दोराला हात लावणार नाय."

मे आला, भारतचा फोन आला, आणि ते दोन दिवस फुलाबाईला जड गेले. बाया पहाटेपासून तळातलं गढूळ पाणी शेंदायच्या आणि ही उंबऱ्यात हात मांडीवर दाबून बसायची. शेजारची भागीबाई चिडवायची, "काय गं, पाव्हणा यायचाय, दोर नाय लपवत?" फुलाबाई खेकसायची, "गप शेंद!"

तिसऱ्या दिवशी भारत आला. सगळा पाडा कठड्याभोवती जमला. फीत खाली गेली, आणखी खाली गेली आणि चिखलात टेकून ढिली पडली. भारतनं ती वर ओढली, टोक बोटांनी चाचपलं. पेन हातात घेऊन तो अडखळला. त्याला म्हातारीकडे बघवेना.

"मावशी, कपारीत जरा ओल दिसतेय. तेवढी लिहू का?"

फुलाबाई कठड्यावरून वाकून बघत राहिली.

"ओल नको," ती म्हणाली. "कोरडी लिही, भाऊ. माझी इहीर कोरडी हाय." आणि पाड्यातल्या सगळ्यांदेखत तिनं तोंडाला पदर लावला आणि हमसून हमसून रडली.