अण्णांची जोडविमानं

आमच्या शेजारचे सिद्रामअण्णा कुठलीच गोष्ट एक आणत नसत. झाडू आणायला गेले की दोन, कुलूप आणायला गेले की दोन. उन्हाळ्यात कलिंगडं दोन घ्यायचे आणि दोन्ही एकदम कापायचे. एकाशेजारी दुसरं ठेवल्याशिवाय बरंवाईट कळत नाही म्हणे. लाल निघालेलं अण्णा खायचे आणि पांढरं निघालेलं ताटलीत घालून आमच्या दारात यायचं. "बाई, घ्या. थंड असतंय." आठ वर्षं मी त्यांची पांढरी कलिंगडं खाल्ली.

हे खूळ त्यांच्या धंद्यातलं. यंत्रमागांच्या वस्तीत त्यांचं मागांच्या विजेच्या मोटारी रिवाइंड करायचं दुकान होतं, चाळीस वर्षं. जळालेली मोटार आली की तिच्यासारखी दुसरी येईपर्यंत अण्णा तिला हात लावत नसत. मग दोन्ही शेजारी शेजारी उघडायच्या. हिला तारेचा एक वेढा, तिला एक वेढा. गिऱ्हाईक शिव्या घालत उभं. अण्णांना त्याचं काही नाही. "एकीत चुकलेलं दुसरीत दिसतंय की. एकटी मोटार काय सांगणार? मुकी असती ती." केसापेक्षा बारीक तार गुंडाळताना हात जरा हलत नसे, असं ते स्वतःच सगळ्यांना सांगायचे. दुसरं कोणी सांगायला उरलं नव्हतं, इतकं ते सांगायचे.

दुकान बंद केल्यावर अण्णांनी प्लॅस्टिकची विमानं करायला घेतली, आणि तीसुद्धा नौदलाची! आमच्या सोलापुरात नळाला पाणी चार दिवसांआड येतं. पिंप भरलं की देवाला नमस्कार करतो आम्ही. अशा गावात बसून हा गृहस्थ समुद्रातल्या जहाजावरून उडणारी लढाऊ विमानं करणार. समुद्र त्यांनी आयुष्यात एकदाच पाहिला होता, गोव्याला, आणि "एवढं पाणी आणि प्यायला न्हाय" म्हणून पाठ फिरवली होती.

कारण होते त्यांचे व्याही. अण्णांची एकुलती एक लेक गौरा गोव्यात दिलेली. तिचे सासरे नौदलातले, विमानवाहू जहाजावर विमानांचे मेकॅनिक होते. लग्नात जेवणाच्या पंगतीत ते अण्णांना म्हणाले होते, "तुमचं बरं आहे व्याहीबुवा. तुमचा हात चुकला तर माग बंद पडतो. आमचा चुकला तर माणूस जातो." पंगत हसली. अण्णाही हसले, पण पुढची हुग्गी, गव्हाची खीर, त्यांनी पानात तशीच ठेवली. लिंगायताच्या लग्नात हुग्गी टाकणारा माणूस म्हणजे प्रकरण गंभीर.

गौरा बाळंतपणाला माहेरी आली आणि बारसं इथंच करायचं ठरलं, तेव्हा अण्णांनी विडा उचलला. व्याह्यांच्या जहाजावर जी विमानं होती तीच करायची, दोन. एक व्याह्यांच्या हातात ठेवायचं, एक आपल्या कपाटावर. "हात काय असतोय ते बघू दे की त्याला!" पार्सलं आली. दोन खोके, प्रत्येकात शंभरावर तुकडे. अण्णांनी ते कडक भाकरीच्या डब्यांत वेगवेगळे लावले. आणि माझ्याकडे आले.

मी मुलींच्या शाळेत शिवण शिकवून निवृत्त झालेली बाई. मला म्हणाले, "तुमी मोकळ्याच बसायलाव. एक तुमी करा, एक मी करतो. शिकायला मिळंल." मोकळी बसलेय म्हणे! पण घरात बोलायला भिंतीच होत्या, म्हणून गेले.

पद्धत अण्णांची. आधी दोन्ही, मग पुढं. माझ्या विमानाचा डावा पंख लागल्याशिवाय त्यांच्या विमानाला उजवा नाही. माझ्या प्रत्येक तुकड्यावर अण्णांचं प्रवचन. बारका तुकडा आला की मात्र तो माझ्याकडे सरकायचा, माझ्या विमानाचाही आणि त्यांच्याही. "हे करून टाका बाई. बारकं काम बायकांचं हाय." चिमट्यानं चाकं बसवायची मी, शेपटीवरचे आकडे चिकटवायचे मी, आणि गौरा चहा घेऊन आली की अण्णा म्हणणार, "बाईंना हळूहळू जमायलंय." आळशी माणूस! मी घरी येऊन भिंतींना सांगायची, असला ऐतखाऊ गुरू बघितला नाही.

दोन कामं मात्र त्यांनी कोणाला दिली नाहीत. पहिलं, नाकातलं वजन. असलं विमान शेपटीकडे जड असतं. नाकात वजन भरलं नाही तर चाकांवर उभं न राहता मागं बसतं. आणि ते विमानाचं धड चिकटवून बंद करायच्या आधी भरावं लागतं, नंतर वाट नसते. अण्णांनी सायकलच्या दुकानातून छर्रे आणले, मोजून दोन वाट्या केल्या आणि मला म्हणाले, "हे जबाबदारीचं हाय. मी करतो." ते वजन भरत होते आणि त्याच वेळी वजन का भरायचं हे मला तिसऱ्यांदा समजावत होते.

दुसरं काम, वैमानिकाच्या डोक्यावरची काच. माझी काच मी सुईच्या टोकानं गोंद लावून बसवली. अण्णांनी आपली अंगठ्यानं दाबली. हात उचलला तर काचेवर अख्खा अंगठा उमटलेला, रेषा न् रेषा मोजून घ्यावी असा.

"अण्णा, अंगठा उमटला."

"अंगठा न्हाय, ते धुकं हाय. समुद्रावर काचेला धुकं धरतंच की."

बारशाच्या आदल्या दिवशी रंग वाळला आणि आम्ही दोन्ही विमानं टेबलावर उभी केली. त्यांचं ऐटीत उभं राहिलं. माझं हळूच नाक वर करून शेपटीवर बसलं.

मी अण्णांकडे बघितलं. अण्णांनी माझ्याकडे बघितलं आणि काय म्हणावं या माणसानं? "बाई, तुमच्या नाकात वजन न्हाय!"

"वजन तुम्ही भरलंत."

"मी भरलंय की! दोन्ही वाट्या मोकळ्या केल्या. तुमी सांडलं असंल."

माझं डोकंच फिरलं. एवढं स्वच्छ काम केलेलं माझं विमान, आणि दोष माझाच? "तुमची विमानं तुम्हाला लखलाभ," म्हणून मी उठून आले. त्यांनी माझ्या विमानाच्या शेपटीखाली आगपेटीची काडी रंगवून लावली, हे मला दुसऱ्या दिवशी दिसलं.

बारशाला गेले ती गौरासाठी. पाळणा झाला, नाव ठेवलं, आणि अण्णांनी व्याह्यांना कपाटापुढे नेलं. मागोमाग सगळी पाहुणेमंडळी. मी हुग्गीच्या वाट्यांचं ताट घेऊन तिथंच उभी होते.

व्याह्यांनी दोन्ही विमानं उचलली, एकेका हातात एकेक, आणि हसायला लागले. "अहो, हे शिशासारखं जड आणि हे पिसासारखं! या नाकातलं वजन त्या नाकात गेलंय. म्हणून इथं काडी." पाहुणे हसले. मग त्यांनी जड विमान डोळ्यांजवळ नेलं. "आणि काचेवर हा अंगठा कुणाचा?" पुन्हा हसू. मग हलक्या विमानाच्या पोटावरून बोट फिरवलं आणि त्यांचं हसणं थांबलं. पुन्हा बोट फिरवलं. "हे कुणी केलं? जोड हाताला लागत नाही. आमच्याकडे असा हात दोघातिघांचा होता."

"ते मी," अण्णा म्हणाले.

"आणि हे जड?"

"ते आमच्या शेजारच्या बाईंचं. वजनबी त्यांनीच भरलंय. शिकायल्यात अजून."

खरं सांगते, ताट त्यांच्या डोक्यात घालावं असं वाटलं. तीसपस्तीस माणसांसमोर! शब्द माझ्या ओठांवर आले होते. तेवढ्यात व्याही म्हणाले, "धरा व्याहीबुवा, दोघांचा फोटो काढू," आणि हलकं विमान त्यांनी अण्णांपुढे केलं.

अण्णांनी हात पुढं केला नाही. डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरून ते उभे होते, आणि तरी दोन्ही हात थरथरत होते. ते सारखे हात पाठीमागे बांधून का फिरतात, चहाचा कप टेबलावरच का ठेवायला लावतात, बारकं काम बायकांचं का असतं, सगळं एका क्षणात मला कळलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आठ वर्षांत पहिल्यांदा, काही न शिकवता.

"हो, जड ते माझंच," मी म्हणाले. "अण्णांनी दहादा सांगितलं होतं. मीच ऐकलं नाही." ताट खाली ठेवलं आणि व्याह्यांच्या हातातलं विमान मीच घेतलं. "फोटो राहू दे, हुग्गी गार होतेय."

व्याह्यांनी अण्णांच्या खांद्यावर हात ठेवला. "मानलं. हात आहे तुमचा." एवढं ऐकायला हा माणूस लग्नापासून थांबला होता. आणि ऐकल्यावर केलं काय? वाटीतली हुग्गी तेवढी संपवली, चमचा दोन्ही हातांनी धरून.

हलकं विमान गोव्याला गेलं. दुसऱ्या दिवशी दारात अण्णा, ताटलीत जड विमान. "घ्या बाई. तुमचं म्हणून सांगितलंय, तर तुमच्याकडंच पाहिजे की." माफी नाही, आभार नाहीत. पांढरं कलिंगड यावं तसं विमान आलं.

"हात कधीपासून?" मी विचारलं.

"दोन वर्षं. गोळ्या हायेत. गौराला बोलू नका, गोव्याला न्हेऊन बसवंल मला."

"गोळ्याही दोनच असतील."

"दोनच हायेत," म्हणाले, आणि हसले. नंतरच्या वर्षभरात त्यांच्या शर्टाची बटणं मी लावून द्यायची आणि ते मला बटण कसं लावायचं ते शिकवायचे.

गेल्या उन्हाळ्यात दोन दिवसांच्या तापानं अण्णा गेले. व्याही आले होते. म्हणाले, ते विमान काचेच्या कपाटात ठेवलंय, येईल त्याला दाखवतो, माझ्या व्याह्याचा हात म्हणून. "होय," मी म्हणाले, "हात होता त्यांचा." खोटं बोलले नाही मी, चाळीस वर्षं होताच. या उन्हाळ्यात दारात कलिंगड आलं नाही. मला फार चुकल्यासारखं वाटलं.

जड विमान माझ्या टीव्हीशेजारी आहे. पंखा पाचवर केला तरी जागचं हलत नाही. परवा मीटर बघायला आलेला माणूस त्याच्यासमोर थबकला.

"तुमी केलंय?"

"हो, मीच."

"झ्याक हाय की. काचेवर तेवढा अंगठा उमटलाय बघा. पुसून टाका."

"राहू दे," मी म्हणाले. "शिकतेय अजून."