सातव्या रिळाची सुरुवात

थिएटरच्या मशीनरूममध्ये तीस वर्षं काढलेल्या ऑपरेटरचा एक हट्ट होता. बंडखोर पोरांचे जुने कृष्णधवल सिनेमे लागले की तो रजा घेत नसे. शाळेच्या भिंतीवरून उड्या टाकणारी, मास्तरांना उलट उत्तरं देणारी, मोटारसायकलवरून घर सोडणारी ती पोरं त्याला पोटच्या लेकरांसारखी वाटत. त्यांच्या बापांची मात्र त्याला मनापासून चीड. जेवताना तो लेकीला ते सिनेमे रंगवून सांगायचा आणि बापांचा उद्धार करायचा. लेक घास हातात धरून ऐकायची.

तीच लेक आज पोस्टातली कायमची नोकरी सोडून, परगावी मैत्रिणीच्या मोटारसायकल दुरुस्तीच्या गॅरेजात काम करायला निघाली. पाचची बस. ऑपरेटरला काळजीने घेरलं. राहणार कुठे, खाणार काय, आजारी पडली तर बघणार कोण? हे विचारायचं सोडून तो ओरडला, "उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलंस, तर तू मला मेलीस."

लेकीने बॅग उचलली. "बाबा, हे तुझं वाक्य नाही," एवढंच म्हणाली आणि जिना उतरली.

खरंच नव्हतं. त्याच्या सगळ्यात लाडक्या सिनेमातला बाप सहाव्या रिळाच्या शेवटी अगदी हेच बोलतो.

ऑपरेटर आठवू लागला. पुढे काय होतं, ते त्याला आठवेना. आठवणार कसं, त्याने ते पाहिलंच नव्हतं. रीळ संपत आल्याची खूण म्हणून पडद्याच्या कोपऱ्यात पहिला ठिपका आला की पुढचं रीळ लावलेलं दुसरं मशीन सुरू करायचं, दुसरा आला की चित्र त्यावर घ्यायचं, आणि लगेच पाठ फिरवून उतरवलेलं रीळ उलटं गुंडाळायला बसायचं. त्या सिनेमाचे चारशे खेळ त्याने केले, आणि सातव्या रिळाची सुरुवात चारशे वेळा त्याच्या पाठीमागे झाली. संवाद असते तर कानावर तरी पडले असते. तिथे नुसतं व्हायोलिन वाजायचं.

साडेचार वाजले होते. तो तसाच खालच्या मजल्यावर राहणाऱ्या बॅटरीकाकांकडे गेला. काका त्याच थिएटरचे डोअरकीपर. अंधारात बॅटरी दाखवून लोकांना जागेवर बसवायचे आणि मग भिंतीला टेकून अख्खा खेळ बघायचे.

"काका, माझ्या त्या लाडक्या सिनेमात पोरगा निघून जातो, त्यानंतर तो बाप काय करतो हो?"

"तुला माहीत नाही? तीस वर्षं वर काय झोपा काढल्यास?"

"सांगा ना पटकन."

"पोराच्या मागे निघतो. पण दारातून परत फिरतो. कोट घालतो, बटणं लावतो, आरशात बघून भांग पाडतो. इभ्रतीचा माणूस ना. रस्त्यावर येतो तोवर पोरगा गेलेला. लोक हसायचे. मला नाही कधी हसू आलं."

ऑपरेटरने स्वतःकडे पाहिलं. अंगात विटका बनियन, पायात काही नाही. शर्ट वर खुंटीला होता. क्षणभर त्याची नजर जिन्याकडे गेली, आणि मग तो रस्त्यावर पळत सुटला.

स्टँडवर बसचं इंजिन सुरू झालं होतं. लेक खिडकीशी बसली होती. त्याला इतकी धाप लागली होती की शब्द फुटेना.

"मघाचं ते माझं नव्हतं," तो कसाबसा म्हणाला. "पोहोचलीस की फोन कर. नाही जमलं तर परत ये. जमलं तरी ये."

लेकीने खाली वाकून त्याचे पाय पाहिले. "बाबा, चप्पल?"

"राहिली."

तिने खिडकीतून हात बाहेर काढून त्याचं मनगट घट्ट धरलं, आणि बस हलल्यावर सोडलं. काळजी होती तिथेच होती, तसूभरही हलली नव्हती. पण बस वळणाआड जाईपर्यंत ऑपरेटरने या खेपेला पाठ फिरवली नाही.