मनीचा पट्टा

चूक माझीच होती. मनीला पहिल्यांदाच पट्टा बांधून सोसायटीच्या आवारात नेलं, तर ती जमिनीला पोट टेकवून बसली आणि मी दोरी ओढली.

“बाबा, मांजर आहे ते, बैल नाही!” माझी मुलगी ईरा ओरडली.

मी पुन्हा ओढलं. मनी मागे सरकत पट्ट्यातून निसटली आणि एका गाडीखाली शिरली. फाटकाशी कुत्री भुंकत होती.

दहावीनंतर ईराला चित्रकला शिकायची होती. मी तिला सायन्सला घातलं, तेव्हा तीही अशीच अंग आखडून बसली होती. त्या गप्प बसण्याला मी होकार समजलो.

गाडीशी पालथी पडून ईरा हलकेच हाका मारत राहिली. बऱ्याच वेळाने मनी तिच्या कुशीत आली.

मी म्हणालो, “चुकलं माझं, बाळा. तुझ्याही बाबतीत चुकलंच.”