भावजींचा डावा कान

माझे धाकटे दीर एकतीस वर्षं रुळांवर होते, पण त्यांनी पहार कधी उचलली असेल तर पहिली दोन वर्षं. पुढे त्यांना गँगचा पहारेकरी नेमलं. सात माणसं रुळाखालची खडी ठोकणार, पट्ट्या आवळणार आणि हे त्यांच्यापासून काही अंतरावर उभे राहून फक्त गाडीची वाट पाहणार. गाडीची चाहूल लागली की शिट्टी. शिट्टी झाली की हातातलं टाकून सगळे बाजूला.

गँगमध्ये त्यांना बगळा म्हणत. "मासे आम्ही पकडायचे, बगळ्याने नुसतं एका पायावर उभं राहायचं!" असं त्यांचा सख्खा जावईच म्हणे. तो त्याच गँगमध्ये होता. भावजी उत्तर देत नसत. पहाऱ्यावर असताना ते कुणाशीच बोलत नसत. चहासुद्धा कुणी बदली उभा राहिला तरच घेत. एकदा स्लीपर उचलायला एक माणूस कमी पडला, तेव्हा मुकादमाने हाक मारली, "अहो, दोन मिनिटं हात लावा." भावजी जागचे हलले नाहीत. मुकादम आठवडाभर घुश्श्यात होता.

माणसांना त्यांनी एक सवय घोटून घोटून लावली होती: माझ्या शिट्टीशिवाय हलायचं नाही. शेजारून दुसरी लाईन जात होती. तिच्यावरच्या प्रत्येक भोंग्याला पळत सुटलं, तर काम व्हायचं कधी? आणि गडबडीत एखादा नेमका त्या शेजारच्या लाईनवर जाऊन उभा राहायचा. असं एकदा दुसऱ्या गँगमध्ये झालं होतं. तो माणूस परत घरी गेला नाही.

त्या मंगळवारी काम वळणावर होतं. वारा उलटा होता. झाडांच्या फटीतून इंजिन दिसताच भावजींनी शिट्टी फुंकली, सगळे बाजूला झाले, गाडी गेली. माणसं बाजूला झाली की इंजिन येईपर्यंत मनातल्या मनात आकडे मोजायचे, ही त्यांची रीत. तीसच्या खाली आकडा कधी आला नव्हता. त्या दिवशी नऊ आला.

गाडी गेल्यावर जावई हसत म्हणाला, "मामा, आज इंजिनाने तुमच्यावर बाजी मारली. तुमच्या आधी त्याचा भोंगा!"

"भोंगा वाजला?"

"चांगला दोनदा."

"मग बाजूला का नाही झालात?"

"तुमची शिट्टी कुठे झाली होती?"

बाकीचे हसले. मुकादम म्हणाला, "अहो, वाऱ्याने आवाज इकडचा तिकडे होतो. सोडून द्या." कुणाच्या मनात काही आलंही नाही.

भावजी संध्याकाळी माझ्याकडे आले. आमचे हे गेल्यापासून त्यांचे अर्ज मीच लिहून देते, अक्षर बरं आहे म्हणून. पाठोपाठ जाऊही आली.

"वहिनी, लिहा. डाव्या कानाने मला ऐकू येत नाही. पहाऱ्यावरून काढावं."

मी म्हटलं, "थोडं कमी येतं, असं लिहू का?"

"गाडी थोडी येते का, वहिनी?"

जाऊ उसळली. "दोन वर्षं राहिलीत! गेल्याच तपासणीत डॉक्टरने पास केलंय ना? मग तुम्हाला काय खाज? अवजारांच्या कोठीत बसून पहारी मोजणार का आता?"

"मोजीन."

"लोक काय म्हणतील?"

"जावई नऊ आकड्यांवर उभा होता," भावजी शांतपणे म्हणाले. "तुझाच जावई."

ती माझ्याकडे वळली. मग मलाच म्हणाली, "वहिनी, लिहा तुम्ही. आणि कान आजच गेला असं लिहू नका, वर्षभर टीव्ही मोठ्याने लावतायत."

साहेबांनी अर्ज वाचला आणि तपासणीचा कागद पुढे केला. "इथे तर कान ठणठणीत आहे." भावजी म्हणाले, "डॉक्टर उजव्या बाजूला बसतात." पुन्हा तपासणी झाली. पंधरवड्याने कोठीचा हुकूम आला. त्यांच्या जागी गँगमधलाच एक अबोल माणूस नेमला. भावजी आठ दिवस त्याच्याबरोबर उभे राहिले. कुठे उभं राहायचं, ऊन डोळ्यांवर आलं की कुठे सरकायचं, हे त्यांनी त्याला दाखवलं.

शेवटच्या दिवशी काम सुरू होण्याआधी त्यांनी सातही जणांना उभं केलं. "यापुढे शिट्टी नसली तरी भोंगा ऐकू आला की बाजूला व्हायचं. आपल्याच बाजूच्या उतारावर, शेजारच्या लाईनवर नाही. काम राहिलं तर राहू द्या."

मुकादम वैतागला. "अहो, इतकी वर्षं तुम्हीच उलटं शिकवलंत की!"

"इतकी वर्षं मला ऐकू येत होतं," भावजी म्हणाले. "ते बंद झालेलं मला कळलंसुद्धा नाही." मग त्यांनी प्रत्येकाकडून ते पुन्हा म्हणवून घेतलं. जावयाकडून दोनदा.