तिसऱ्या गिअरमध्ये

“ऐका,” असं म्हणून सर उजव्या हाताचं एक बोट वर करायचे. बॉनेट उघडं, इंजिन चालू, गाडीत आम्ही दोघं बसलेलो, शाळेला उशीर झालेला, आणि हे माझ्या गल्लीच्या तोंडाशी उभे राहून, मान तिरकी करून गाडीचा आवाज ऐकतायत. मिनिटभराने विचारायचे, “आला फरक?”

“हौ सर, आला,” मी म्हणायचे. मला फक्त घड्याळाचा काटा दिसत असायचा.

आम्ही तिघं मध्य प्रदेशातल्या बालाघाटहून परसवाड्याच्या शाळेत एकत्र जायचो. सर संस्कृत शिकवायचे, मी फिजिक्स, आणि तिसरे आमचे हेडक्लार्क. त्यांना सगळी शाळा बडे बाबू म्हणायची. बडे बाबू अंगाने भरपूर आणि बोलायला हिंदी. सर आणि मी मात्र आपसात मराठी बोलायचो. सरांचं गाव राजेगावकडचं, माझं माहेरही त्याच बाजूला. गाडी सरांची होती. छोटी, पांढरी, आठशे सीसीची. मला तिच्याबद्दल काहीही तक्रार नव्हती. सरांना होती.

बालाघाट सोडून जंगल लागलं की पुढे चढ आहे. तिघांना घेऊन ती गाडी तो चढ तिसऱ्या गिअरमध्ये, धापा टाकत चढायची. मागून येणारे मोटारसायकलवाले पुढे जाताना आत डोकावून बघायचे, आणि सरांना ते फार लागायचं. “तिच्यात दम आहे, मॅडम,” ते स्टिअरिंगवर थाप मारून सांगायचे. “कोंडला आहे फक्त. मोकळा करा लागते.”

तुम्हीही असा माणूस पाहिला असेल. चालती वस्तू त्याच्या हाती आली, की त्याला स्वस्थ बसवत नाही. आमचे सर शाळेत अगदी साधे, हळू चालणारे, हळू बोलणारे. कोणी पुढे घुसलं तर बाजूला होणारे. पण रविवारी सकाळी बनियन घालून ते गाडीखाली शिरायचे, ते दिवस मावळेपर्यंत बाहेर यायचे नाहीत. मेकॅनिककडे गाडी द्यायची नाही, सगळं मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून स्वतःच्या हाताने करायचं, हा त्यांचा हट्ट होता.

सुरुवात एअर फिल्टरने झाली. कंपनीचा काळा डबा काढून त्यांनी तिथे शंकूसारखा लाल फिल्टर बसवला. त्या दिवशी गाडी सुरू झाली ती नाक चोंदल्यासारखी सूं सूं करत. “श्वास मोकळा झाला,” सर म्हणाले. पुढच्या सीटवरचे बडे बाबू म्हणाले, “मास्साब, मुझे तो दमा लग रहा है।”

मग सायलेन्सर. तो त्यांनी अंगणात बसून करवतीने कापला आणि जागी जाड, रुंद नळी लावली. त्यानंतर आम्ही शाळेच्या फाटकाशी पोचायच्या आधी पोरं वर्गात जाऊन बसलेली असायची. प्राचार्य एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, “आपकी गाड़ी है तो घंटी बजाने की ज़रूरत नहीं।” सर हसले. त्यांना ती तारीफ वाटली. मला मात्र संध्याकाळी घरी गेल्यावरही कानात ती घरघर ऐकू यायची. भाजी फोडणीला टाकताना मी नवऱ्यावर ओरडून बोलायचे, आणि तो म्हणायचा, “ओरडून काहून राह्यली? इथंच तर आहो मी.”

तिसऱ्या वर्षी त्यांनी चाकं बदलली. गोंदियाच्या भंगारवाल्याकडून मोठी, रुंद चाकं आणली. दिसायला गाडी रुबाबदार झाली खरी. पण चढावर त्या दिवसापासून दुसरा गिअरही पुरेना. शेवटच्या वळणावर पहिला टाकावा लागायचा, आणि पहिल्यात ती गाडी कण्हत कण्हत वर जायची. वर पोचलं की सर विचारायचे, “आज जरा हलकी वाटली ना?”

बडे बाबू म्हणायचे, “बिलकुल, मास्साब।” मी म्हणायचे, “हौ.”

चाक मोठं केलं की गाडीची ओढ कमी होते, हे अकरावीच्या पोरांनाही येतं. मी स्वतः ते फळ्यावर आकृती काढून शिकवत होते. तास संपवून, हातावरचा खडू झटकून मी त्याच गाडीत बसायचे आणि त्याच चढावर “हौ” म्हणायचे.

चौथ्या वर्षी सरांनी गाडीचं वजन कमी करायला घेतलं. मागच्या सीटचा अर्धा फोम काढला. मग जॅक काढला, स्टेपनी काढली. एकदा शेजारच्या सीटकडे बघून ते बडे बाबूंना फार गंभीरपणे म्हणाले, “बाबूजी, आप पीछे बैठिए, बैलेंस बनेगा।” बडे बाबूंनी दोन दिवस अबोला धरला. मी हसले होते. स्टेपनी नसण्याचा अर्थ काय होतो, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

तो अर्थ बोर्डाच्या परीक्षेच्या दिवशी कळला. माझी पर्यवेक्षकाची ड्यूटी, आणि भर जंगलात मागचं चाक बसलं. मोबाइलला रेंज नाही. बडे बाबू त्या दिवशी रजेवर. आम्ही दोघंच रस्त्याच्या कडेला उभे. माझा चेहरा लपत नसावा. सर चाकाकडे पाहत मैलाच्या दगडावर बसले.

“मॅडम, तुमाले राग आला.”

“सर, राग नाही येणार तर काय येणार? स्टेपनी कोण काढते?”

त्यांनी बसलेल्या चाकावर हात फिरवला. मग म्हणाले, “मले लहानपणी सगळे सुस्त म्हणे. मास्तर म्हणे, मामा म्हणे, माय म्हणे. लग्नात वहिनीच्या भावानंही म्हटलं, नवरदेव सुस्त दिसते. मी विचार करो, सुस्त कोण असते? कोणी तरी कोंडून ठेवलं असन, तर माणूस काय करन?” आणि स्वतःच हसले. वहिनी म्हणजे त्यांची बायको. आमच्याशी बोलताना ते तिला तसंच म्हणायचे.

 माझं सगळं लक्ष रस्त्यावर होतं. शेवटी बांबू भरलेला एक ट्रक आला, त्यात चढून मी गेले. पेपर सुरू होऊन वीस मिनिटं झाली होती. मला लेखी खुलासा द्यावा लागला. खुलाशात मी “वाहन में खराबी” असं लिहिलं आणि लिहिताना दात खाल्ले. वाहनात काही खराबी नव्हती.

त्यानंतर आठवडाभर मी बसने गेले. बस कधी यायची, कधी यायचीच नाही. आली तर दारात लटकायला जागा. आठव्या दिवशी सकाळी तीच घरघर माझ्या गल्लीच्या तोंडाशी आली आणि थांबली. सर उतरले, मागचं दार उघडलं, सीटमागे बोट दाखवलं. स्टेपनी होती. “चला, मॅडम,” ते म्हणाले. मी निमूट बसले. असंच सहावं वर्ष लागलं.

मग गाडीला पंधरा वर्षं पूर्ण झाली. पंधरा वर्षांनी गाडी दाखवून नोंदणी नव्याने करून घ्यावी लागते. सर गाडी धुऊन, पुसून, कागद घेऊन आरटीओच्या ऑफिसात गेले. सोबत बडे बाबू होते, त्यांनीच मला पुढचं सांगितलं. तपासणाऱ्या साहेबाने बॉनेट उघडलं, खाली वाकून नळी बघितली, चाकं बघितली आणि विचारलं, “ये सब किसने किया?” सर म्हणाले, “मैंने खुद।” साहेब भला माणूस होता. ओरडला नाही. म्हणाला, “मास्साब, सब निकालिए। जैसी कंपनी से आई थी, वैसी लाइए। फिर पास करेंगे।”

सरांनी जुना एकही भाग फेकला नव्हता. काळा डबा, जुनी चाकं, सीटचा फोम, सगळं पोत्यांत बांधून मागच्या खोलीत ठेवलेलं होतं. फक्त कापलेला सायलेन्सर नवा आणावा लागला. तीन रविवार ते गाडीखाली होते. जे सहा वर्षांत एक एक करून लावलं, ते सगळं एक एक करून काढलं, जुनं पुसून पुसून बसवलं. गाडी पास झाली.

त्यानंतरच्या सोमवारी ती माझ्या गल्लीच्या तोंडाशी येऊन उभी राहिली, ते मला कळलंच नाही. सरांना फोन करून सांगावं लागलं.

जंगल आलं, चढ लागला. सरांनी दुसरा गिअर टाकला. गाडी वर जात राहिली. शेवटच्या वळणाशी त्यांचा हात सवयीने पहिल्या गिअरकडे गेला, आणि तिथेच थांबला. गाडीला गरजच नव्हती. उलट ती वेग घेत होती. सरांनी थोडं थांबून तिसरा टाकला. तिसऱ्या गिअरमध्ये, आम्हा तिघांना घेऊन, एका मोटारसायकलला मागे टाकून ती वर गेली.

“अरे मास्साब, आज तो उड़ रही है!” बडे बाबू म्हणाले.

 शाळेच्या आवारात सरांनी गाडी लावली, इंजिन बंद केलं, तरी हात स्टिअरिंगवरच होते. मग मागे वळून त्यांनी मला विचारलं, “मॅडम, असं काहून झालं?”

खरोखर विचारत होते ते. चेहरा अगदी पहिल्या बाकावरच्या पोरासारखा. आणि माझ्या आत सहा वर्षांचा उशीर, तो खुलासा, ती घरघर, सगळं एकदम वर आलं.

“काहून म्हणजे? जशी होती तशी झाली म्हणून. सहा वर्षं तुम्ही तिले बिघडवून राह्यले होते, सर. चाक मोठं केलं की ओढ कमी होते. अकरावीच्या पोरायले येते हे.”

बडे बाबू खिडकीबाहेर पाहायला लागले. सर म्हणाले, “हौ.” उतरले, दार लावलं, कुलूप लागलं की नाही ते ओढून बघितलं, आणि प्रार्थनेला गेले.

त्यानंतर ते बोट पुन्हा वर झालं नाही. सर वेळेवर यायचे, आम्ही वेळेवर पोचायचो. गाडीत आवाज नव्हता आणि बोलणंही नव्हतं. चढ तिसऱ्या गिअरमध्ये सरायचा आणि वर पोचल्यावर कोणी कोणाला काही विचारायचं नाही. सहा वर्षं मला हेच हवं होतं. ते मिळालं, आणि रोज सकाळी त्या गाडीत बसणं मला जड जायला लागलं. बडे बाबूंनी एकदा शाळेत मला बाजूला घेऊन म्हटलं, “मैडम, सच था, मगर ऐसे नहीं बोलना था।” मला त्यांचाच राग आला. ते स्वतः सहा वर्षं “बिलकुल, मास्साब” म्हणत आले होते.

एका रविवारी मी मन घट्ट करून सरांच्या घरी गेले. काय बोलायचं ते रस्त्यात दोनदा जुळवलं होतं. अंगणात गाडी उभी होती, वर चादर टाकलेली. वहिनी तांदूळ निवडत बसल्या होत्या.

“ते घरी नाहीत, मॅडम. गोंदियाले गेले.”

“काही काम होतं?”

“काम कायचं? रविवार आला की सकाळची ट्रेन धरते, सांजेले वापस येते. तिथं काय करते, मले सांगत नाही.” त्यांनी सूप खाली ठेवलं. “इतकी वर्षं मीच बोंबलत होती, की रविवारी आमचा माणूस घरात नाही, गाडीखाली आहे. आता घरातही नाही आणि गाडीखालीही नाही.”

अंगणाच्या फरशीवर गाडीशेजारी परातीएवढा काळा डाग होता, ऑइलचा. माझी नजर तिकडे गेलेली पाहून वहिनी म्हणाल्या, “सोडा टाकून घासलं तर निघन आता. नवीन काही सांडत नाही. पण मी घासलं नाही.”

मी चहा प्यायले, तासभर बसले, आणि उठून आले. सोमवारी गाडीत बडे बाबू होते, मंगळवारीही होते. बोलायचं तसंच राहिलं. पुढे सरांची बदली झाली, राजेगावच्या बाजूला, त्यांनी स्वतः मागून घेतलेली.

निरोपाच्या कार्यक्रमात मलाही बोलायला लावलं. मी म्हणाले, सर वेळेचे पक्के आहेत. पोरं हसली, सरही हसले. शाल, नारळ झालं, फोटो झाला. माणसं नाश्त्याकडे वळली तेव्हा सर हार हातात घेऊन माझ्याजवळ आले.

“मॅडम, एक विचारू? त्या दिवशी तुम्ही खरं बोलल्या. बाकी कोणी बोललं नाही.”  आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. “पण तुम्ही फिजिक्सच्या. तुमाले तर पहिल्याच दिवशी समजलं असन. मग आधी काहून नाही सांगितलं?”

“वाटलं, तुमाले वाईट वाटन,” मी म्हणाले.

“हौ,” ते म्हणाले. “तेही आहे.”

ते खरं कारण नव्हतं. मला घराजवळून गाडी मिळत होती, आणि एका माणसाला बसवून, कागदावर दोन चाकं काढून समजावून सांगायला लागणारी पंधरा मिनिटं सहा वर्षांत मला त्याच्यावर घालवावीशी वाटली नव्हती. हे मी त्यांना सांगितलं नाही. तेवढ्यात प्राचार्यांनी त्यांना समोशांच्या टेबलाकडे बोलावलं आणि सर हळूहळू, वाटेतल्या पोरांना जागा करून देत, तिकडे गेले.