दाराआडून दिलेला अंगठा

ये गं, अशी जवळ बस. तिकडे उंबऱ्यापाशी पाहुणीसारखी बसतेस नि मला ओरडून बोलायला लावतेस.

वडील गेले तेव्हा मी नऊ वर्षांची. दिवसपाणी झालं नि थोरल्या काकांनी कारकुनाला घरी आणलं. कागद वाचला तो ओटीवर, आई होती आत माजघरात. काका दाराशी येऊन म्हणाले, "वाडीतली सुपारी उतरवायच्या परवानगीचा कागद आहे. अंगठा हवा."

आमच्यात थोरल्या दिरासमोर भावजय येत नसे, बोलतही नसे. आईने दाराआडून हात पुढे केला. कारकुनाने अंगठा उठवला नि विचारलं, "बाईंना समजलं ना?"

"समजलं," काकाच म्हणाले.

वडिलांमागे तिच्याकडे आलेला वाडीवरचा हक्क तिने सोडल्याचा कागद होता तो.

मामाने वकील गाठला. वकील म्हणाले, "फसवून घेतलेली संमती कायद्याला चालत नाही. कागद रद्द होईल, पण बाईंनी स्वतःच्या तोंडाने सांगायला हवं."

कोर्टात न्यायाधीशांनी तीनदा विचारलं, अगदी सौम्यपणे. काका समोरच उभे होते. आईने पदर पुढे ओढला नि गप्प राहिली. वाडी गेली.

परतताना होडीत मामा म्हणाला, "एक शब्द बोलायचा होतास, ताई."

"ते समोर होते रे," आई म्हणाली.

पुढे ती मरेपर्यंत आम्ही बोर्लीला मामाकडेच राहिलो. मला राग यायचा तो तिचाच, काकांचा नाही. याची लाज फार उशिरा वाटली बघ. आता लवकर ये पुन्हा, एकटीला हे आठवत बसवत नाही.